चांदबिबीचा नव्हे, सलाबतखानाचा 'महाल'

अहिल्यानगरहून (२०२४ पर्यंत अहमदनगर) पाथर्डी रस्त्याने जाताना डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते. पर्यटक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. चांदबिबीची खरी खूण पाहायची तर शहरालगतचा भुईकोट किल्ला गाठावा. मोगलांच्या वेढ्यात १५९५-९६ मध्ये तिने तो लढविला. १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल येथेच स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिले. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची चौकशी आधीच करावी. डोंगरावर सायंकाळी जाणे उत्तम. तेथून सारे शहर नजरेत येते.