विनोदी अंक, श्रुतिका आणि रंगमंच

मराठी विनोदाचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आधारे लिहिला जातो आणि त्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी ही नावे ओळीने येतात. मात्र नियतकालिकांत रुजलेला हा विनोद 1950 नंतरच्या दोन-तीन दशकांत रेडिओवर आणि रंगमंचावर कसा गेला, याची नोंद त्या मानाने त्रोटकच राहिली आहे. अमेरिकेत 1970 साली निघालेल्या ‘नॅशनल लॅम्पून’ या मासिकाने 1973 मध्ये स्वतःच्याच नावाने ‘लेमिंग्ज’ हा रंगमंचीय प्रयोग आणि रेडिओवरील साप्ताहिक कार्यक्रम उभा केला. मराठीतील ठळक विनोदी अंकांनी असा पसारा मांडला नाही. अंक जागच्या जागी राहिले आणि लेखक तेवढे पुढे गेले. (1960 साली निघालेल्या ‘मार्मिक’ने अंकाबाहेर पाऊल टाकले खरे, पण ते सभेच्या व्यासपीठावर, आणि त्याची परिणती राजकीय पक्षात झाली.)

याचे एक कारण माध्यमांच्या व्यवस्थेत सापडते. आकाशवाणी सरकारी होती आणि ‘विविध भारती’वर जाहिराती 1967 मध्ये सुरू झाल्या, त्यामुळे एखाद्या खासगी अंकाने आपले नाव लावून कार्यक्रम चालवण्याला त्यापूर्वी वावच नव्हता. दुसरे कारण विनोदाच्या जातीत आहे. मधुकर पाटकर यांनी 1951 साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाची ओळख म्हणजे ‘खिडकी’, अर्थात पान कापून केलेली अशी झडप, की जिच्यातून चित्राचा काही भाग दिसताच पाहणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहावा आणि झडप उघडताच मागचे चित्र अगदी सोवळे निघावे. ही गंमत सर्वस्वी डोळ्यांची व बोटांची असल्याने अंकाचे नाव ‘आवाज’ असूनही ती ध्वनिक्षेपकापुढे नेणे अशक्य होते.

रेडिओला हवा होता तो बोलण्यातला विनोद, आणि त्यासाठी ‘श्रुतिका’, म्हणजे केवळ ऐकण्यासाठी लिहिलेले नाटुकले, हा प्रकार सोयीचा ठरला. मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ या मालिकेतील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही पात्रे घरोघरी परिचित झाली ती संवादांच्या ठेक्यामुळे. मात्र हा ठेका जिथवर ऐकू जात होता तिथली प्रत्येक बोली त्याच्यासारखी नव्हती. उदाहरणार्थ, भुईगाव हे वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाव मुंबई केंद्राच्या टप्प्यातले. परंतु ‘प्रपंच’मधील घर मध्यमवर्गीय व तेथील मराठी प्रमाणभाषेजवळची होती, तर वसईच्या या पट्ट्यातील सामवेदी (जिला ‘कादोडी’ही म्हणतात) आणि वाडवळी या बोलींचा हेल, शब्द आणि थट्टेची रीत त्याहून निराळी. ‘प्रपंच’च्या विनोदाची मर्यादा येथे स्पष्ट दिसते.

ग्रामीण बोलीला वाट मिळाली ती पुण्याकडून. व्यंकटेश माडगूळकर 1955 पासून पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत होते, आणि 1962 च्या सुमारास त्यांनी द. मा. मिरासदार व शंकर पाटील यांच्यासह ‘कथाकथन’ सुरू केले. छापील कथा श्रोत्यांसमोर पात्रांच्या आवाजांसह सांगण्याच्या या प्रकाराला ना नेपथ्य लागे, ना नाटक मंडळी. माइक आणि सतरंजी असली की गावोगावच्या व्याख्यानमालेत तो बसत असे. मासिकात एकदा छापून संपणारी कथा अशा रीतीने वर्षानुवर्षे कमावती राहिली, आणि ऐकणाऱ्यांच्या हशाने तिच्यातील विरामही पक्के होत गेले.

पु. ल. देशपांडे यांच्याकडे लेखणी, रेडिओचा अनुभव आणि नटाचे अंग ही तिन्ही होती. ‘बटाट्याची चाळ’ 1958 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि 1961 मध्ये तिचा ‘एकपात्री’, म्हणजे सारी पात्रे एकाच नटाने उभी करण्याचा, प्रयोग झाला. पाठोपाठ 1962 मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ आली. या प्रयोगांत रेडिओची शिकवण उघड दिसते, कारण चाळकऱ्यांची अख्खी वस्ती उभी राहते ती मुख्यतः आवाजाच्या बदलांतून. त्याच वाटेवर लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ 1979 मध्ये आले आणि बोलीतला विनोद पूर्ण लांबीच्या प्रयोगाचा भार एकट्याने पेलू शकतो, हे त्याने सिद्ध केले. कादोडी आणि वाडवळीच्या वाट्याला मात्र तेवढ्या तोलामोलाचा प्रयोग आला नाही.