राजा दिसला पाहिजे

मध्ययुगावरच्या सिनेमात डोक्यावर सोन्याचा मुकुट घालून राजा घोडा फेकत निघाला, की मला हमखास हसू यायचं. समोर हजारो शत्रू असताना ‘मीच तो, मला मारा’ अशी पाटी कोण लावून घेईल? प्रेक्षकांना नायक ओळखू यावा म्हणून दिग्दर्शकाने केलेली ही सोय, असं मी धरून चाललो होतो. मग पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या लढायांबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की खऱ्या राजांचीही अडचण नेमकी दिग्दर्शकाचीच होती.

त्या काळी सरदार पायापासून डोक्यापर्यंत पोलादात असायचा. चेहऱ्यावरची झडप खाली ओढली की आत राजा आहे की त्याचा सरदार, हे त्याच्या शेजारच्यालाही सांगता आलं नसतं. ओळख पटायची ती निशाणावरून, चिलखतावर घातलेल्या अंगरख्यावरच्या राजचिन्हांवरून आणि शिरस्त्राणाभोवती बसवलेल्या सोन्याच्या मुकुटावरून. वार अडवायचं काम शिरस्त्राणाचं. मुकुटाचं काम एवढंच, की राजा कुठे आहे ते सगळ्यांना कळावं. ‘सगळ्यांना’ यात शत्रूही आला, ही खरी गोची.

२१ जुलै १४०३ रोजी श्रूझबरीच्या लढाईत चौथ्या हेन्रीने या गोचीवर एक उपाय काढला. चारच वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्या रिचर्डकडून गादी हिसकावली होती आणि तेव्हा त्याला साथ देणारं पर्सी घराणंच आता उलटलं होतं. एकटा राजा पडला असता तरी बंड तिथेच यशस्वी झालं असतं. म्हणून हेन्रीने स्वतःची राजचिन्हं दुसऱ्यांच्या अंगावर चढवली, असं इतिवृत्तं सांगतात. सर वॉल्टर ब्लंट मारला गेला, अर्ल ऑफ स्टॅफर्ड मारला गेला, राजा वाचला. बंडखोरांचा म्होरक्या हेन्री पर्सी, म्हणजे प्रसिद्ध ‘हॉटस्पर’, पडला. पण तो जिवंत असल्याच्या वावड्या उठायला लागल्या, तेव्हा पुरलेलं प्रेत उकरून श्रूझबरीत लोकांना दाखवावं लागलं. मरणाचाही पुरावा डोळ्यांनी बघावा लागत होता.

त्याच लढाईत राजाच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यात बाण घुसला. जॉन ब्रॅडमोर या शल्यविशारदाने खास अवजार बनवून बाणाचं टोक बाहेर काढलं आणि पोरगा वाचला. बारा वर्षांनी, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी, हाच मुलगा पाचवा हेन्री म्हणून फ्रान्समध्ये अ‍ॅजिनकोर्टला उभा होता. चेहऱ्यावर बाण लागणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! वडिलांची युक्तीही त्याने जवळून पाहिलेली. तरी त्याने शिरस्त्राणावर मुकुट चढवला आणि पायउतार होऊन सैन्यात उभा राहिला. अठरा फ्रेंच लढवय्यांनी तो मुकुट पाडायची शपथ घेतली होती, असं तेव्हाचे वृत्तान्त सांगतात. एकाचा घाव पोचला, मुकुटाचा एक तुकडा उडाला. अठराही जण मारले गेले.

मग त्याने ही जोखीम घेतली कशासाठी? याचं उत्तर मला माझ्या कामात सापडलं. आमच्याकडे महत्त्वाचा सर्व्हर दर काही सेकंदांनी बाकीच्यांना ‘मी आहे’ असा निरोप पाठवत असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला की बाकीचे सर्व्हर तो मेला असं धरून पुढच्या हालचाली सुरू करतात. तो प्रत्यक्षात धडधाकट असेल आणि फक्त मधली तार तुटली असेल, तरी परिणाम तोच. हेन्रीचं सैन्य थोडं, दमलेलं, हगवणीने बेजार झालेलं. अशा सैन्याला क्षणोक्षणी ‘राजा आहे’ हा निरोप लागतो. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला विल्यम पडल्याची हूल उठली, तेव्हा त्यानेही शिरस्त्राण मागे सारून स्वतःचा चेहरा दाखवला होता. बायोच्या कापडावर तो प्रसंग भरतकामात आजही दिसतो.

या हिशेबाची दुसरी बाजू २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थला दिसली. तिसरा रिचर्ड शिरस्त्राणावर मुकुट घालून उतरला, थेट हेन्री ट्यूडरच्या रोखाने घुसला आणि मारला गेला. लढाई तिथेच संपली. मुकुट ट्यूडरच्या डोक्यावर ठेवला गेला. रिचर्डचं प्रेत लेस्टरमध्ये लोकांना बघायला ठेवलं, पुन्हा तोच पुरावा. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला. मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमांपैकी नऊ कवटीवर होत्या. म्हणजे शेवटी शिरस्त्राण डोक्यावर राहिलं नव्हतं.

आपल्याकडे हे काम हत्ती करायचा. अंबारीतला सेनापती साऱ्या सैन्याला दिसायचा आणि तितकाच शत्रूलाही. १५५६ मध्ये पानिपतावर हत्तीवरच्या हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि जिंकत आलेली लढाई फिरली. आणि १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी पाहून लोकांचा धीर सुटला, असं सांगतात.

‘भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा भाऊंच्या तापट स्वभावावरचा शेरा असतो. मला आता तो शेरा पटत नाही. वर राहिले असते तर हेमू झाला असता, खाली उतरले तर अंबारी रिकामी. श्रूझबरी, अ‍ॅजिनकोर्ट आणि बॉसवर्थला तीन राजांनी तीन वेळा हाच पेच सोडवला. जो वाचला तो शहाणा ठरला, जो मेला तो उतावळा. निर्णय घेताना मात्र तिघांच्याही हातात सारखीच अपुरी माहिती होती.

पानिपतानंतर शिर नसलेलं एक धड भाऊंचं म्हणून ओळखलं गेलं. पण ते पुण्यात कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पार्वतीबाईंनी वैधव्य मान्य केलं नाही. काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड द्यावा लागला. अंबारी रिकामी दिसल्यावर सैन्याने भाऊ गेले असं धरलं. प्रेत दिसलं नाही, म्हणून पुण्यात कित्येकांनी पंधरा वर्षं ते आहेत असं धरलं.

मुकुटवाला राजा पडद्यावर आला की आता मला हसू येत नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांकडे लक्ष जातं. ते सगळे मान उंच करून तोच एक सोनेरी ठिपका शोधत असतात.