दलाल स्ट्रीटची रिंग इंटरनेटने रिकामी केली का?

गेल्या पोस्टमध्ये सांगितल्याप्रमाणे आज माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाबद्दल लिहितेय. विषय तसा ओळखीचा आहे. तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर दोन बोटांनी शेअर घेत-विकत असतील. त्यामुळे "इंटरनेट आलं आणि दलालांचं राज्य संपलं" हे वाक्य आपल्याला पटतं. चर्चासत्रांत, वर्तमानपत्रांत, घरच्या गप्पांत ते सतत ऐकू येतं. पण तारखा एकापुढे एक मांडून बघितल्या की हे वाक्य लंगडं पडतं.

आधी जुनी व्यवस्था समजून घेऊ. मुंबई शेअर बाजाराची संघटना १८७५ सालची. पुढे सव्वाशे वर्षांतला बहुतेक काळ व्यवहार तोंडी व्हायचे. बाजाराच्या सभागृहात, म्हणजे 'रिंग'मध्ये, दलाल आणि त्यांचे माणूस उभे राहून ओरडून, हातवारे करून सौदे करत. त्यांच्यात जॉबर नावाची जमात होती. जॉबर एकाच शेअरचे दोन भाव सांगायचा, एक घ्यायचा आणि एक विकायचा. त्या दोन भावांतला फरक हीच त्याची कमाई. सौदा वहीत टिपला की झाला. कागदपत्र नंतर.

आता सांगली किंवा नांदेडमध्ये बसलेल्या गुंतवणूकदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही गावातल्या उपदलालाला सांगणार, तो फोन लागला तर मुंबईच्या दलालाला सांगणार, त्याचा माणूस रिंगमध्ये जाऊन सौदा करणार. संध्याकाळी तुम्हाला एक भाव कळणार. तो भाव खरंच त्या क्षणाचा होता की दिवसभरातल्या चढ-उतारातला तुमच्या तोट्याचा भाव तुमच्या गळ्यात मारला, हे तपासायचं साधनच नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फक्त दिवसाचे ठळक भाव छापून यायचे. म्हणजे रिंगमध्ये उभं असणं हीच मालमत्ता होती, कारण माहिती तिथे आधी पोचायची. म्हणूनच बाजाराचं सभासदत्व, ज्याला 'कार्ड' म्हणत, ते इतकं महाग होतं.

बरं, मग हे बदललं कधी? १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आलं. त्याच वर्षी सेबीला कायद्याने अधिकार मिळाले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, कंपनी म्हणून नोंदवला गेला. असा बाजार असावा ही शिफारस त्याआधीच फेरवानी समितीने केली होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: एनएसईचे मालक दलाल नव्हते. आयडीबीआयच्या पुढाकाराने वित्तसंस्थांनी आणि बँकांनी तो उभा केला. मुंबईच्या जुन्या बाजारात मात्र दलालच सभासद, दलालच मतदार आणि कारभारीही बहुतांशी दलालच. खेळाडूच पंच, अशी अवस्था.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी एनएसईवर शेअरचे व्यवहार सुरू झाले. तिथे रिंग नव्हतीच. दलालाच्या कचेरीच्या गच्चीवर एक छोटी तबकडी, ती उपग्रहामार्फत मुंबईतल्या मुख्य संगणकाला जोडलेली. याला व्हीसॅट म्हणतात. तबकडी का, तर तेव्हाच्या टेलिफोन लाइनींवर एवढा भरवसा टाकता येत नव्हता. संगणक सगळ्या मागण्या ओळीत लावायचा. ज्याचा भाव चांगला तो आधी, भाव सारखा असेल तर ज्याची मागणी आधी आली तो आधी. समोरचा कोण आहे हे कुणालाच कळायचं नाही.

वर्षभरात, १९९५ संपायच्या आत, उलाढालीत एनएसई मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेला. मुंबईच्या बाजारानेही मार्च १९९५ मध्ये 'बोल्ट' ही स्वतःची पडद्यावरची यंत्रणा सुरू केली आणि रिंग थंडावली.

आता दुसरी तारीख बघा. विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेबीने इंटरनेटवरून शेअर व्यवहारांना परवानगी दिली जानेवारी २००० मध्ये. म्हणजे इंटरनेट बाजाराच्या दारात पोचलं तेव्हा रिंग रिकामी होऊन जवळपास पाच वर्षं झाली होती!

तुम्ही म्हणाल, इंटरनेट नाही तर उपग्रह, शेवटी तंत्रज्ञानच ना? अर्धं बरोबर आहे. पण नुसत्या तबकडीने काम भागलं नसतं. रिंगमध्ये माणूस माणसाला ओळखायचा. सौदा बुडवला तर उद्या तोंड दाखवायची सोय नाही, हा धाक होता. पडद्यावर तोंडच नाही, मग धाक कुणाचा? हा प्रश्न सोडवला क्लिअरिंग कॉर्पोरेशनने. एप्रिल १९९६ पासून एनएसईच्या प्रत्येक सौद्यात ही संस्था मधे उभी राहू लागली. विकणाऱ्याला ती घेणारी आणि घेणाऱ्याला ती विकणारी. एक बाजू बुडाली तरी दुसरीला हमी. त्याच वर्षी डिपॉझिटरी कायदा आला आणि नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल सुरू झाली. तोवर शेअर म्हणजे कागद. सही जुळली नाही की सर्टिफिकेट परत, टपालात हरवलं की संपलंच. डीमॅटने ती कटकट संपवली. सौद्याचा हिशेब पूर्ण व्हायला लागणारा वेळही उतरत गेला. २००१ मध्ये पाच दिवस, २००२ मध्ये तीन, २००३ मध्ये दोन, आणि २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या शेअरांसाठी एक दिवस.

माझ्या प्रकरणाचा मुद्दा इथे आहे. तंत्रज्ञानाने अंतर मिटवलं, पण विश्वास नव्याने बांधावा लागला. तो कायद्याने, हमीने आणि मालकी बदलून बांधला गेला. हे सगळं तयार होतं म्हणून २००० साली इंटरनेट आल्यावर ते सहज जोडता आलं.

मग इंटरनेटने काहीच केलं नाही का? केलं की. त्याने रिंगनंतर उरलेला मधला माणूस हलवला. गावचा उपदलाल, फोनवर भाव सांगणारा कारकून, यांची गरज कमी होत गेली. दलालीचे दर कोसळले. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधाने सौद्याच्या रकमेची टक्केवारी सोडून ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि जुन्या पेढ्यांना हिशेब बदलावे लागले.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यात एक नाव आपल्या जवळचं आहे. पुणे शेअर बाजार १९८२ साली सुरू झाला. सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर. असे वीसेक प्रादेशिक बाजार देशभर होते. ते तगले होते दोन आधारांवर. एक म्हणजे मुंबई लांब होती. दुसरा आधार नियमाचा, कारण कंपनीला आपल्या भागातल्या बाजारात नोंदणी करावीच लागे. गच्चीवरच्या तबकडीने पहिला आधार काढला, २००३ मध्ये सेबीने दुसरा सैल केला. मे २०१२ मध्ये सेबीने नियम केला की वर्षाला १,००० कोटींची उलाढाल नसेल तर दोन वर्षांत बाहेर पडा. २०१५ साली पुण्याचा बाजार अधिकृतपणे बंद झाला. अंतर मिटलं की गावाला फायदा होतो असं आपण धरून चालतो. इथे गावच्या गुंतवणूकदाराला फायदा झाला, पण गावच्या बाजाराला नाही. सगळं मुंबईतल्या दोन यंत्रणांत गोळा झालं.

त्याची जोखीमही आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतल्या बिघाडानंतर एनएसईचे व्यवहार जवळपास चार तास थांबले आणि बाजाराची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. आणि अंतर खरंच मिटलं का, हाही प्रश्नच आहे. मोठ्या पेढ्या आता आपले सर्व्हर एनएसईच्याच आवारात भाड्याने ठेवतात, कारण तिथून मागणी क्षणाच्या अंशाने आधी पोचते. रिंगमध्ये उभं राहायला मोल होतं, तसंच आज त्या आवारातल्या जागेला आहे.

हे तुम्हाला का सांगतेय? सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. भाव आता लपवलेला नाही, पडद्यावर सगळ्यांना सारखाच दिसतो. फसवणुकीचं ते जुनं दार बंद झालंय आणि ते चांगलंच झालं. पण भाव दिसणं आणि खेळ समजणं यात फरक आहे. रिंगमधला जॉबर निदान तुमच्या दलालाला समोर दिसायचा. आज बटण दाबता तेव्हा पलीकडे कोण आहे, त्याचा सर्व्हर कुठे आहे, हे तुम्हाला दिसत नाही. तेवढं लक्षात ठेवून बटण दाबा.

पुढच्या पोस्टमध्ये 'बदला' या जुन्या पद्धतीबद्दल लिहीन. ती २००१ मध्ये बंद झाली, पण तिची जागा कशाने घेतली हे बघण्यासारखं आहे. घरात कुणाकडे जुनी शेअर सर्टिफिकेटं किंवा दलालाच्या चिठ्ठ्या असतील, तर टाकून देऊ नका. आमच्यासाठी तो दस्तऐवज असतो.