छोट्या विमानतळांचा इतिहास : साधने आणि दृष्टी

भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात विमाने व वैमानिक यांना जितके स्थान मिळाले, तितके धावपट्टीखालील जमिनीला मिळालेले नाही. प्रस्तुत टिपणात या उणिवेचा विचार केला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे उतरविले. १९२८ मध्ये सुरू झालेले जुहूचे मैदान किनाऱ्यालगत सखल असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जाई. परिणामी, टाटांची विमानसेवा त्या काळात पुण्याला हलवावी लागे. कोकणातील वाचकास पावसाचा हा अंमल वेगळा सांगावयास नको.

सह्याद्रीपलीकडे कोल्हापुरात ५ जानेवारी १९३९ रोजी छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने विमानतळ सुरू झाला. जुहू ब्रिटिश मुलखात, तर कोल्हापूर संस्थानात. म्हणून एकाची कागदपत्रे मुंबईच्या, तर दुसऱ्याची कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधणे क्रमप्राप्त ठरते.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. वैमानिकाची स्मृती अशी जपली गेली. धावपट्टीसाठी ज्यांची शेते गेली, त्यांचा शोध मात्र गावच्या फेरफार नोंदींत व वृद्धांच्या आठवणींत घ्यावा लागतो. लांजा परिसरातील इतिहासाच्या अभ्यासकांनी रत्नागिरीच्या विमानतळापासून या कामास प्रारंभ करावा. आठवणी सांगणारी पिढी हयात आहे, तोवरच ते शक्य आहे.