दोन मिलिमीटरची भिंत: जुन्या लेन्स, अडॅप्टर आणि एका आकड्याचा इतिहास

आजचा भाग एका अंतराबद्दल आहे. ४५.४६ मिलिमीटर. या आकड्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची सोव्हिएत लेन्स आज माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर आरामात चालते. आणि अशाच दुसऱ्या एका अंतरात फक्त दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर एका मोठ्या जपानी कंपनीच्या उत्तम लेन्स त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्याला चालेनाशा झाल्या.

आधी थोडं गणित उरकून घेऊ, अगदी सोपं आहे. लेन्स काढता येते अशा कॅमेऱ्याला पुढे धातूची एक गोल कडी असते, तिला माउंट म्हणतात. माउंटपासून आतल्या फिल्मपर्यंतचं, किंवा आजच्या भाषेत सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. लेन्स त्याच अंतराच्या हिशोबाने बनते. आता ही लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावायची तर लेन्सला लागणाऱ्या अंतरातून कॅमेऱ्याचं अंतर वजा करा. जे उरेल तेवढ्या लांबीची पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच नाही, काही नाही. पण उत्तर शून्याच्या खाली गेलं तर? उणे लांबीची नळी कोण बनवणार! लेन्स सेन्सरपासून जास्त दूर राहते आणि लांबचं काहीच स्पष्ट येत नाही.

आता चला जर्मनीत, १९४५ मध्ये. येना शहरात त्साइस कंपनीचा मोठा कारखाना होता. १९३० च्या दशकात तिथे बायोटार नावाची ५८ मिलिमीटरची लेन्स तयार झाली होती. युद्ध संपताना येना आधी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आलं. पण वाटणीत हा भाग सोव्हिएत युनियनकडे जाणार होता. म्हणून निघताना अमेरिकनांनी त्साइसचे निवडक शास्त्रज्ञ आणि अधिकारी आपल्यासोबत पश्चिमेला नेले. मागून सोव्हिएत सैन्य आलं, त्यांनी नुकसानभरपाई म्हणून यंत्रं उचलली. एका कंपनीची दोन देशांत दोन शकलं झाली. माणसं एकीकडे, यंत्रं दुसरीकडे.

पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बायोटारच्या रचनेवरून हेलिओस-४४ लेन्स बनू लागली. झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती प्रचंड संख्येने बाहेर पडली. माझ्याकडे आहे ती हीच. मुंबईच्या चोरबाजारात एका बंद पडलेल्या झेनिटवर चढवलेली मिळाली. कॅमेऱ्याचा शटर गेलेला, लेन्स मात्र ठणठणीत.

तिकडे पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये १९४९ साली कॉन्टॅक्स एस हा कॅमेरा आला. त्याचा माउंट म्हणजे नुसता आटा होता, बाटलीच्या झाकणासारखा. ४२ मिलिमीटर व्यास आणि आपलं ते ४५.४६ मिलिमीटर अंतर. यालाच एम-४२ म्हणतात. हा आटा पाडायला सोपा होता आणि एका कंपनीपुरता राहिला नाही. प्राक्टिकाने घेतला. जपानमध्ये असाही पेंटॅक्सने १९५७ साली घेतला. मग याशिका, फुजिका, चिनॉन, आणि नंतर झेनिटसुद्धा. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही बाजूंचे कारखाने एकाच मापाच्या लेन्स बनवत होते! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा ओपन स्टँडर्ड. फरक इतकाच की यासाठी कुठली समिती बसली नव्हती. सोपं होतं म्हणून पसरलं.

१९७५ साली पेंटॅक्सने आटा सोडून चटकन फिरवून बसणारा के-माउंट आणला, पण अंतर तेच ठेवलं, ४५.४६. म्हणजे ज्यांनी आधी पैसे घालून लेन्स घेतल्या होत्या त्यांना एक पातळ कडी लावली की झालं. लायकाने तर हे १९५४ सालीच केलं होतं. जुन्या आट्याच्या लेन्सला २८.८ मिलिमीटर लागायचे, तर नव्या एम-माउंटला त्यांनी २७.८ ठेवले. मुद्दाम एक मिलिमीटर कमी, जुन्या लेन्सला अडॅप्टर बसावा म्हणून. जुन्या गिऱ्हाइकाचा विचार असा मिलिमीटरमध्ये दिसतो.

आणि मग येतं १९८७. कॅननने ऑटोफोकससाठी नवा ईएफ माउंट काढला. आधीच्या एफडी माउंटचं अंतर ४२ मिलिमीटर, नव्याचं ४४. करा वजाबाकी. उणे दोन! एफडीची ५० मिलिमीटरची लेन्स ईएफ कॅमेऱ्यापुढे साध्या कडीने धरली, तर साधारण सव्वा मीटरपलीकडचं काही स्पष्ट दिसणार नाही. मध्ये काच घातलेले अडॅप्टर होते, पण ती जादाची काच आली की मूळ लेन्सचा गुण थोडा तरी बदलतोच. गंमत बघा, पूर्व जर्मनीत जन्मलेल्या एम-४२ च्या लेन्स मात्र त्याच कॅननवर छान बसतात, कारण ४५.४६ हे ४४ पेक्षा जास्त आहे. घरच्या लेन्सला दार बंद, पाहुण्याला उघडं!

मग कॅननचं चुकलं का? मला तसं सरसकट म्हणवत नाही. प्रत्येक लेन्समध्ये स्वतःची मोटर, सगळा संवाद विजेच्या संपर्कांतून, ही रचना इतकी पुढची होती की १९८७ ची ईएफ लेन्स आजही अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालते. पण त्या उडीची किंमत भरली कोणी? ज्यांनी आयुष्याची बचत एफडी लेन्समध्ये घातली होती त्यांनी. इतिहासात हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा असं मला वाटतं. बदल चांगला होता की वाईट, एवढ्यावर थांबू नये. बिल कोणाच्या नावावर फाटलं तेही बघावं.

या एफडी लेन्सची सुटका कशी झाली, तर अनपेक्षितपणे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये वर-खाली होणारा आरसा असतो, म्हणूनच अंतर चाळीसच्या वर ठेवावं लागायचं. २००८ साली पॅनासोनिकच्या जी-१ ने तो आरसाच काढून टाकला. २०१० मध्ये सोनीचा ई-माउंट आला, अंतर फक्त १८ मिलिमीटर. आता ४२ असो की ४५.४६, सगळ्यांसाठी नळीला जागाच जागा. दोन मिलिमीटरची भिंत पडली.

माझा कॅमेरा याच ई-माउंटचा. हेलिओससाठी नळी हवी २७.४६ मिलिमीटरची. मी दोन अडॅप्टर वापरून पाहिले. स्वस्तातला पहिला किंचित लांब निघाला, दूरचा डोंगर कायम धूसर. हिशोब केला तर कळलं, नळी ०.१ मिलिमीटर जरी जास्त असली तरी या लेन्सला साधारण ३३ मीटरपलीकडे नीट फोकसच करता येत नाही. केसाएवढा फरक! दुसरा अडॅप्टर नीट निघाला. कॅमेऱ्याला वाटतं पुढे लेन्सच नाही, म्हणून मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं. फोकस हाताने करायचा. झाडाखाली कोणाचा फोटो काढला की मागची पानं चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. हा परिणाम मिळावा म्हणून लोक आज ही लेन्स शोधत फिरतात. तिच्या काळात तो दोष मानला जायचा.

मंडळी, घरच्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी लेन्स काढून बघा. उजेडासमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. काच स्वच्छ असेल तर मागचा माउंट ओळखा आणि वजाबाकी करा. उत्तर शून्याच्या वर आलं, तर ती लेन्स अजून कामाची आहे.

आणि जे माझ्यासारखे कोड लिहितात त्यांच्यासाठी शेवटचं. आपण आज घाईत ठरवलेला एखादा आकडा उद्या कोणाच्या तरी वस्तूचं आयुष्य ठरवतो. ठरवताना लायकाचा तो एक मिलिमीटर आठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर क्लिक करत राहा!