तोफेच्या टप्प्यातली बिऱ्हाडे

दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीत बांबू, चटया, ताडपत्री, चुलीची भांडी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. बीडकडून, अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात तळ देतात. दोन-चार दिवसांत कोप्या उभ्या राहतात. हंगाम संपला की त्या मोडतात, बांबू पुन्हा ट्रॉलीत चढतात आणि जागा पहिल्यासारखी मोकळी होते.

जुन्या मुंबईची वर्णने वाचताना मला या कोप्यांची आठवण होत राहिली. कारण १८३० च्या दशकात मुंबईच्या समुद्रकाठी, लष्करी जमिनीवर, दरवर्षी अशीच बांबू-चटईची आणि कापडाची वस्ती उभी राहत असे व पावसाआधी मोडली जात असे. फरक एवढाच, की ती पोटासाठी नव्हती. ती गोऱ्या साहेबांनी समुद्राच्या वाऱ्यासाठी केलेली हौसेची वस्ती होती.

ही जागा मोकळी कशी राहिली, याचे मूळ मराठ्यांच्या इतिहासात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी आधीच हातची गेली होती, आता मराठी फौजा थेट मुंबईच्या तोंडाशी आल्या. इंग्रजांनी किल्ल्याच्या तटाभोवती खंदक खणायला घेतला आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपये दिले. तटाबाहेरची झाडे-घरे शत्रूला आडोसा देतील म्हणून ती हटवण्याचे धोरणही आले. भीमथडीच्या घोड्यांचा दरारा त्या काळी मोठा होता. आजचा बारामतीचा मुलूख त्याच भीमथडीतला. तेव्हा मुंबईच्या कोटाबाहेरच्या मैदानात आपल्याकडच्या घोडदळाच्या धास्तीचाही वाटा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

१८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि दाट वस्तीचा बराच भाग जळाला. त्यानंतर तटापासून सुमारे ८०० वारांपर्यंतची जागा मोकळी ठेवण्याचे ठरले. हेच एस्प्लनेड. नियम साधा होता : तोफेच्या टप्प्यात पक्के बांधकाम नको. उभारायचे ते असे, की वेळ आली तर लगेच काढून टाकता येईल.

पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपली. मुंबईवर चालून येईल असा शत्रू उरला नाही, पण तट उरले, तोफा उरल्या आणि नियमही उरला. कोटाच्या आत गल्ल्या अरुंद, हवा कोंदट, उन्हाळ्यात जीव नकोसा होई. बाहेर मात्र बॅकबेचा वारा आणि मोकळे मैदान. पक्के घर बांधता येत नसेल, तर तंबू ठोकायला आणि छपराचा बंगला उभारायला कोण अडवणार? ज्या नियमाने बांधकाम रोखले, त्याच नियमाने ही हंगामी वस्ती शक्य केली.

मेरियन पोस्टन्स ही इंग्रज लेखिका १८३८ च्या पश्चिम हिंदुस्थानचे वर्णन करताना या वस्तीबद्दल कौतुकाने लिहिते. समुद्राजवळ ओळीने बंगले, बांबूचे कूड, वर शाकारलेले छप्पर, पडवीच्या जाळीवर वेली. आतून फिक्या पिवळसर रंगाचे डंगरी कापड ताणून लावलेले आणि खोल्याही त्याच कापडाच्या पडद्यांनी पाडलेल्या. डोंगरी भागाच्या नावावरून ओळखले जाणारे हे जाडेभरडे कापड. स्वयंपाकघर आणि नोकरांची जागा थोडी दूर. बाग मातीत लावायची नाही, झाडे पिंपांत ठेवायची, म्हणजे हलवताना त्रास नको. ढग दिसू लागले की घर मोडायचे, सामान आणि झाडांची पिंपे उचलायची आणि कोटात किंवा गिरगावाकडे पक्क्या घरात मुक्काम हलवायचा.

याच वर्षांत आपल्या मुलखातही साहेबांचे तंबू पडत होते, पण वेगळ्या कामासाठी. पेशवाईनंतर इंदापूर तालुक्याची अवस्था वाईट होती. प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली साऱ्याची आकारणी रयतेला पेलली नाही. जमिनी पडीक पडल्या, कुणबी गाव सोडून गेले. म्हणून १८३५ मध्ये मुलकी अधिकारी गोल्डस्मिड आणि लष्कराच्या इंजिनिअर खात्यातला लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नवी मोजणी सुरू केली. ३३ फुटांच्या साखळीने शेते मोजली गेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपण आजही वापरतो. मातीची प्रतबंदी झाली, आकार खाली आणला गेला आणि १८३६ मध्ये तो ३० वर्षांसाठी कायम झाला. रयतवारी मोजणीची जी पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली, तिची सुरुवात आपल्या इंदापुरातली.

मोजणीचा तंबू आणि समुद्रकाठचा तंबू या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्यांचा धागा एकच आहे. कंपनी सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग जमीन साऱ्याचा होता. साहेबांचे पगार त्यातूनच निघत. इंदापूरच्या काळ्या रानातून वसूल झालेला पैसा बॅकबेच्या वाऱ्यापर्यंत पोचत होता.

मैदानावर साहेबांशिवाय आणखी कोणाचा वावर होता? गुरांचा. या जागेला लोक कॅम्प मैदान म्हणत आणि शहरातल्या गवळ्यांची व इतरांची गुरे तिथे चरत. १८३८ मध्ये सरकारने चराईवर पैसे आकारायला सुरुवात केली. गरिबांना ते परवडेनात. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे २० हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारच्या बाजूला समुद्राजवळची गवताळ जमीन घेतली आणि गुरांना तिथे फुकट चरू दिले. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगितले जाते. पोस्टन्सबाईंच्या पुस्तकातले साल आणि चराईच्या पट्टीचे साल एकच आहे. एका टोकाला पिंपांतल्या झाडांचे बंगले आणि दुसऱ्या टोकाला गवताच्या काडीवर पट्टी. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या दोन नोंदी वेगवेगळ्या वाचता येत नाहीत.

पुढे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६२ नंतर, कोटाचे तट पाडले. मोकळ्या जमिनीचे काही तुकडे विकले गेले, त्यांवर भव्य इमारती झाल्या. बॅकबेच्या कडेने लोहमार्ग आला. मरीन लाइन्स या स्टेशनाच्या नावात मरीन बटालियनच्या लष्करी वस्तीची खूण अजून आहे. पण सगळी जागा बांधली गेली नाही. ओव्हल, क्रॉस मैदान, कूपरेज, आझाद मैदान ही त्या एस्प्लनेडचीच शिल्लक. तिथेही भांडण सुटले नाही. १८८० च्या दशकात पारशी क्रिकेटपटूंना गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांविरुद्ध सरकारकडे अर्ज करावे लागले, कारण घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत होत्या.

लष्करामुळे किनारा मोकळा राहणे ही गोष्ट मुंबईपुरती नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो या शहरांच्या मध्ये कॅम्प पेंडलटन हा मरीन सैनिकांचा तळ १९४२ पासून आहे. त्याच्या ताब्यातला सुमारे २७ किलोमीटर किनारा आजही बहुतांश मोकळा आहे. त्या तळाच्या समुद्रकाठी सैनिक आणि त्यांची कुटुंबे सुट्टीत गाडीमागे चाकांचे घर जोडून येतात आणि मुक्काम करतात. तिथेही हिशेब तोच : लष्कराने बांधकाम अडवले म्हणून समुद्र दिसतो, पण मुक्कामाची मुभा ठरावीक लोकांनाच.

मोकळी जागा नियमामुळे टिकते, हे खरे. ती कोणासाठी टिकते, हे मात्र दर पिढीला नव्याने मागावे लागते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले हजारो शेतकरी आझाद मैदानात येऊन बसले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालून आले होते. ज्या मैदानात १८३८ मध्ये गुरांच्या चराईवर पट्टी बसली, त्याच मैदानात त्यांनी आपल्या मागण्या मांडल्या.

आमच्याकडे या आठवड्यातही ट्रॉल्या येत आहेत. कारखान्याच्या वाटेवर बांबू उतरले आहेत. १८३८ च्या बंगल्यांना होते तसेच कूड, तसेच छप्पर, तीच पावसापूर्वी मोडण्याची घाई. त्या वस्तीत काय होते, कोणत्या रंगाचे कापड होते, झाडे कशात लावली होती, हे आपल्याला इतक्या वर्षांनी कळते, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. कोप्यांचे वर्णनही कोणी तितक्याच बारकाईने लिहून ठेवायला हवे.