सांडलेल्या दाण्यांचा इतिहास

कारळ्याची चटणी आपल्या परिचयाची. कारळ्याचे फुललेले रोप मात्र शहरी वाचकाने क्वचितच पाहिलेले असते. ब्रिटनमधील एखाद्या परसबागेत, पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांच्या भांड्याखाली, ते पिवळ्या फुलांनिशी अवचित उभे राहते. मूळ इथिओपियाची ही वनस्पती भारतात तेलबी म्हणून रुजली आणि तिचे दाणे पुढे पक्ष्यांचे खाद्य म्हणून परदेशी गेले. पक्षीखाद्यातून ब्रिटनमध्ये उगवलेल्या अशा परक्या वनस्पतींचा अभ्यास हॅन्सन आणि मेसन यांनी १९८५ मध्ये 'वॉटसोनिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दाण्यांसोबत मूळ शेतांतील तणांचे बीही प्रवास करते. त्यामुळे अशी बाग म्हणजे धान्यव्यापाराचे एक अलिखित दप्तरच ठरते.

अमेरिकेने या प्रवासाला अटकाव केला. अमरवेलीसारखी तणे शिरू नयेत म्हणून तेथे आयात कारळे उच्च तापमानावर तापवूनच स्वीकारले जाते. शेतीच्या दृष्टीने ही खबरदारी योग्यच आहे. परंतु तापवलेला दाणा मुख्यतः अन्न उरतो, बी म्हणून तो सहसा नीट वाढत नाही. आयातीचा आकडा कागदावर टिकेल. तो दाणा कोणत्या शेतातून, कोणाच्या संगतीने आला, हे सांगणारे रोप मात्र तेथे सहसा उभे राहणार नाही.